१०⁹ चं १०९ होतं, त्याबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीत विश्रामबागला गेली बावीस वर्षं टायपिंग आणि डीटीपीचं काम करते. छोटंसं दुकान आहे, अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, लग्नपत्रिका, बायोडाटा सगळं असतं, पण सहामाही आणि वार्षिकच्या आधी निम्मं काम शाळांच्या प्रश्नपत्रिकांचंच असतं. तुमच्या पत्रांच्या सदरात लोक रस्ते, खड्डे, पाणी यावर लिहितात आणि लिहिलंच पाहिजे, पण मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय तिच्याबद्दल कुणी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, ती म्हणजे कॉम्प्युटरवर गणित टाइप करणं. घातांक, वर्गमूळ, गुणिले, भागिले हे सगळं. वाटतं एवढुसं, पण त्याच्यावर पोरांचे मार्क जातात आणि मी ते डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या सहामाहीला एका शाळेतल्या सरांनी आठवीचा गणिताचा पेपर मला व्हॉट्सअपवर पाठवला. सरांनी तो घरी वर्डमध्ये अगदी नीट टाइप केलेला, तिथून कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट केला, मी मेसेजमधून उचलून माझ्या फाईलमध्ये लावला. त्यात एक गणित होतं, आपल्या भागातल्या पोरांना जवळचं वाटावं म्हणून सरांनी मुद्दाम कोयनेचं घेतलेलं. कोयना धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी, १ टीएमसी म्हणजे १०⁹ घनफूट, तर धरणातून १ लाख क्युसेकने २४ तास पाणी सोडलं तर किती टीएमसी पाणी गेलं आणि धरणात किती उरलं? (वरून येणारं पाणी धरायचं नाही.) किती छान गणित आहे बघा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोराला पण पाठ असतं, पण क्युसेक म्हणजे नेमकं किती हे मोठ्यांना सुद्धा पटकन सांगता येत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, त्याला लाखाने गुणलं की ८.६४ × १०⁹ घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी. दोन ओळीत सुटतं.

छापून काय आलं, तर "१ टीएमसी म्हणजे १०९ घनफूट". मेसेजमध्ये पेस्ट करताना वरचा नऊ खाली उतरला आणि दहाच्या शेजारी जाऊन बसला. सरांनी प्रूफ बघितलं ते मराठी शुद्धलेखनाचं, मी बघितलं ते मार्जिन आणि प्रश्न क्रमांक, आणि पेपर गेला छापायला. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्याच वर्गात आहे, तो संध्याकाळी पेपर घेऊन दुकानात आला आणि म्हणाला काकू हे गणित मला सुटलंच नाही. त्याने मागच्या पानावर सगळा भागाकार केलेला, ८६४ कोटीला १०९ ने भागलं होतं, उत्तर आलं सात कोटी ब्याण्णव लाख टीएमसी आणि पुढे काही हजार. आणि धरणात मुळात १०५. मग त्याने ते सगळं खोडून "चुकलं असेल" असं बारीक अक्षरात लिहून सोडून दिलं. भागाकार बरोबर होता हो त्याचा. शेवटपर्यंत बरोबर.

मला त्या रात्री झोप लागली नाही, मी उठून हिशोब करत बसले. १०९ घनफूट म्हणजे जेमतेम तीन हजार लिटर, गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या. ते एक टीएमसी धरलं तर १०५ टीएमसी म्हणजे सव्वातीन लाख लिटर, म्हणजे अख्खी कोयना दहा हजार लिटरच्या बत्तीस-तेहेतीस टँकरमध्ये बसते. एक अंक अर्धी ओळ खाली आला तर एवढं होतं. आणि त्या पेपरात १०५ पण होता आणि १०९ पण होता, त्यातला १०५ खरा एकशे पाच आणि १०९ मात्र एकशे नऊ नाही, आता हे आठवीच्या पोराने कशावरून ओळखायचं? सरांना सांगितलं, त्यांनी त्या प्रश्नाचे मार्क सगळ्यांना दिले, ते मोठ्या मनाचे. पण असे किती पेपर किती दुकानातून जात असतील आणि कुणाच्या लक्षात येत नसेल.

मी टायपिंग शिकले ते मशीनवर. तेव्हा वर्ग टाइप करायचा तर आमचे क्लासचे सर शिकवायचे, रोलर अर्धी ओळ मागं फिरवायचा, २ मारायचा, रोलर परत जागेवर आणायचा. हाताला ते बसलं होतं. वर्गमूळाचं चिन्ह मशीनवर नसायचंच, मग स्टेन्सिलवर जागा सोडायची आणि सायक्लोस्टाईल करायच्या आधी लोखंडी पेनाने ते कोरायचं, वरची आडवी रेघ पट्टी लावून. त्यात वेळ जायचा पण एक गोष्ट होती, एकदा कागदावर दोन वर बसला की तो वरच राहायचा. कागद कुठंही न्या, कुणालाही द्या, तो खाली यायचा नाही. कॉम्प्युटरवर तसं नाही, आणि हेच कुणी शिकवत नाही.

कॉम्प्युटरवर वरचा अंक दोन प्रकारचा असतो. एक नुसता वर दिसणारा, म्हणजे साधा २ च असतो पण वर्डला आपण सांगितलेलं असतं की ह्याला बारीक करून वर दाखव, कंट्रोल शिफ्ट आणि बरोबरचं बटण दाबलं की होतं ते (नुसतं कंट्रोल आणि बरोबर दाबलं की खाली जातो, रसायनशास्त्रातल्या पाण्याच्या सूत्राला तो लागतो). हा अंक फक्त त्या फाईलपुरता वर असतो, मेसेजमध्ये टाकला की वर्डचा हुकूम मागं राहतो आणि अंक खाली पडतो. दुसरा प्रकार म्हणजे मुळातच वरचा असलेला, ² हे स्वतंत्र अक्षरच आहे, जसं क वेगळं आणि ख वेगळं. तो कॉपी करा, मेसेज करा, मेल करा, वरच राहतो. नमपॅड (उजवीकडचा आकड्यांचा वेगळा चौकोन) असलेल्या कीबोर्डवर नम लॉक चालू ठेवून ऑल्ट दाबून धरा आणि नमपॅडवरच ०१७८ मारा, ² येतो. ०१७९ ला ³, ०२१५ ला खरा गुणिले ×, ०२४७ ला ÷, ०१७७ ला ±, ०१७६ ला अंशाचं °, आणि २५१ ला √. वरच्या ओळीतले आकडे मारून हे होत नाही, आणि बऱ्याच लॅपटॉपला नमपॅडच नसतो, तिथं विंडोज बटण आणि पूर्णविराम एकदम दाबलं की इमोजीची खिडकी उघडते त्यात चिन्हांचा पण एक भाग असतो, तिथून घ्यायचं. मोबाईलवर तर अजून सोपं, गूगलच्या कीबोर्डला आकड्यांच्या पानावर २ दाबून धरला की ² वर येतो. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी शिक्षकांना हे मी दाखवलं तेव्हा त्यांनी चारचार वेळा करून बघितलं.

आता कुणी म्हणेल की एवढी उठाठेव कशाला, कीबोर्डवरच वर्गाचं बटण का नाही दिलं. त्याला कारण आहे. आपला कीबोर्ड आलाय ऑफिसच्या टाइपरायटरवरून, पत्रं आणि बिलं लिहायच्या मशीनवरून. आणि कॉम्प्युटरची अक्षरं ज्या अमेरिकन तक्त्यावर बेतली त्या आस्कीच्या तक्त्यात जागाच मुळी १२८, त्यातल्या दिसणाऱ्या खुणा रिकामी जागा धरून ९५, त्यात इंग्रजी लिपी, आकडे, विरामचिन्हं बसवून गणिताला उरलं काय तर अधिक, वजा, बरोबर, लहान-मोठं. १९६३ च्या तक्त्यात वर तोंड केलेला एक बाण होता, १९६४ ला बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आली तिने घातांकासाठी तोच बाण घेतला. मग १९६७ ला तक्ता सुधारला तेव्हा बाण काढून त्या जागी ^ ही टोपी बसवली, आणि बाणाचं काम टोपीकडं आलं. म्हणून आज शिफ्ट ६ ची टोपी म्हणजे घात. त्याच्या आधीची फोरट्रान, १९५७ ची, तिच्या वेळी कार्डं पंच करायच्या मशीनवर बाण पण नव्हता म्हणून तिने दोन चांदण्या घेतल्या, ** अशा. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलं की पायथॉनमध्ये अजून चांदण्याच चालतात, तिथं २^३ लिहिलं तर आठ येत नाही, एक येतो, कारण तिथं टोपीचा अर्थच वेगळा आहे.

एक्सेलमध्ये मात्र टोपी घाताचीच आहे, पण तिथं वेगळीच गंमत नाही तर धोका आहे. एका मॅडमची उत्तरसूची एक्सेलवर काढताना हे मला कळलं. बरोबरचं चिन्ह देऊन -५^२ मारलं तर एक्सेल २५ देतं. गणिताच्या पुस्तकाप्रमाणं ते उणे २५ पाहिजे, कारण आधी घात, मग उणे. एक्सेल आधी उणे पाचला चिकटवतं आणि मग वर्ग करतं. मॅडमनी वहीवर केलेलं बरोबर होतं आणि त्या मशीनवर विश्वास ठेवून स्वतःचं खोडायला निघाल्या होत्या. कंस घालून -(५^२) लिहिलं की मिटतं.

कंसाचं तर मी हात जोडून सांगते. वर्गमूळाचं चिन्ह टाइप केलं तरी वरची आडवी रेघ त्याच्याबरोबर येत नाही, ती रेघच सांगत असते की मूळ कुठपर्यंत आहे. √९+१६ असं सपाट छापलं तर एक मुलगा तीनात सोळा मिळवून १९ काढतो आणि दुसरा पंचवीसचं मूळ ५ काढतो, आणि दोघांचंही चूक म्हणता येत नाही. √(९+१६) लिहा, रेघेचं काम कंस करतो. अपूर्णांकाचं तसंच. वर्ड तर १/२ आपणहून ½ करतं पण १/३ तसाच ठेवतं, मग एकाच प्रश्नात एक अपूर्णांक बारीक आणि एक मोठा, पोरांना वाटतं दोन्हीत काहीतरी फरक आहे.

मराठीतून टाइप करणाऱ्याला त्यात अजून एक अडचण. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट ६ दाबलं की टोपी येत नाही, त्र येतो. शिफ्ट ७ ला क्ष येतो. म्हणजे बीजगणितातला क्ष एका बटणावर मिळतो पण त्याचा वर्ग करायचा तर भाषा बदलून इंग्रजीत जा, टोपी मारा, परत मराठीत या. एका पेपरात हे साठ-सत्तर वेळा होतं आणि मध्येच बदलायचं राहिलं की क्षत्र२ असलं काहीतरी पडतं. आणि जुन्या फॉन्टमध्ये तर ² च्या जागेवर कुठलं तरी अर्धं अक्षर नाहीतर मात्रा बसवलेली असते, फाईल एका फॉन्टातून दुसऱ्यात नेली की वर्गाच्या जागी रफार.

वर मी १०⁹ लिहिलंय ते नीट बघा, दहा मराठी आहे आणि डोक्यावरचा नऊ इंग्रजी. माझी चूक नाही, युनिकोडात (म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांचा आजचा जगभरचा तक्ता) घातांकासाठी वर बसणारे आकडे इंग्रजीच आहेत, मराठी नाहीत. मला वाटायचं की देवनागरी अंक वर चढवायची सोयच कुणाला सुचली नसेल, पण तसं नाही. सामवेदाच्या स्वरांसाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ मध्येच युनिकोडात आलेत, शून्यापासून नऊपर्यंत. फार चांगलं झालं, ते पाहिजेच होते, पण ते अक्षराच्या माथ्यावर बसतात, घातासारखे शेजारी वर बसत नाहीत. वेदाच्या पोथीसाठी ज्या लोकांनी एवढा पाठपुरावा केला तसाच कुणी आठवीच्या गणितासाठी करावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं गणिताची माणसं काय कमी आहेत का.

एका रिटायर्ड गणिताच्या सरांशी मी हे बोलले तेव्हा त्यांनी मला एक सांगितलं ते मला फार आवडलं. आपल्या भास्कराचार्यांच्या वेळी, म्हणजे बाराव्या शतकात, अंक वर चढवायची पद्धतच नव्हती. अज्ञात संख्येला या, म्हणजे यावत्तावत् मधला, तिच्या वर्गाला याव, नुसत्या आकड्याला रू. म्हणजे आपण आज क्ष²+५क्ष+६ लिहितो ते याव १ या ५ रू ६. सगळं एका ओळीत, वर-खाली काही नाही, आणि उणे असेल तर आकड्यावर टिंब. अंक वर लिहायची आजची पद्धत युरोपात देकार्तने १६३७ च्या पुस्तकात रूढ केली, तो पण वर्गाला मात्र बहुतेक वेळा अक्षर दोनदाच लिहायचा. तेव्हा मेसेजमध्ये १०^९ लिहायला शिक्षकांना जो कमीपणा वाटतो, की हे कसं दिसतं, पुस्तकात तर असं नसतं, तो वाटायचं कारण नाही. एका ओळीत लिहिलेलं गणित पण पूर्ण गणितच असतं, फक्त खूण पक्की पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हे कुठंतरी रीतसर शिकवा. आमच्या टायपिंगच्या परीक्षा ३० आणि ४० शब्दांच्या स्पीडवर असतात, पोरं रात्रंदिवस तोच पॅसेज घोटतात, त्यांना पत्र येतं, तक्ता येतो, पण मी इतक्या वर्षांत माझ्या दुकानात कामाला घेतलेल्या एकाही मुलीला किंवा मुलाला १० चा ९ वा घात टाइप करता येत नव्हता, टोपीचं चिन्ह कशाचं असं विचारलं की गप्प. परीक्षेत दहा मार्कांचा एक प्रश्न गणिताच्या चिन्हांचा ठेवला तर सगळे क्लासवाले दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागतील. शिक्षकांची एवढी प्रशिक्षणं होतात, त्यात एक अर्धा दिवस याला द्या. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं बटण दाबलं की समीकरणाची चौकट उघडते, त्यात टोपी मारून स्पेस दिला की अंक आपोआप वर जातो, मूळ पण रेघेसकट येतं, हे दाखवायला पाच मिनिटं लागतात. आणि फाईल पाठवायची तर पीडीएफ पाठवा, मेसेजमध्ये पेस्ट करू नका, करायचंच असेल तर टोपी आणि कंस घालून. शाळेत कॉम्प्युटरचा तास असतो तिथं पोरांना पेंटमध्ये घर आणि डोंगर काढायला लावतात, छान आहे, पण सातवीला घातांकाचा धडा चालू असतो त्याच आठवड्यात शिफ्ट ६ पण दाखवा की. त्यांना मोबाईलवर अभ्यासाचे प्रश्न टाइप करून विचारावेच लागतात आता, आणि "दोनचा दहावा घात" लिहायच्या ऐवजी २१० लिहून पाठवलं तर समोरून कोण काय उत्तर देणार.

मी माझ्या दुकानात या सगळ्या खुणांचा आणि कोडचा एक कागद करून भिंतीला लावलाय, शिक्षकांना त्याची झेरॉक्स फुकट देते, सातारा, कराड, मिरज कुठूनही आलेले असोत. तुम्ही असा एखादा चौकोन दहावीच्या परीक्षेआधी तुमच्या अभ्यासाच्या पानावर छापलात तर फार लोकांपर्यंत जाईल.

आणि एक विनंती. हे पत्र छापलंत तर तुमच्याकडं ते दुसऱ्या फॉन्टात करताना वरचे अंक खाली येतील की काय याची मला काळजी आहे, तसं झालं तर पत्राला अर्थच राहणार नाही. म्हणून मेलबरोबर प्रिंटचा फोटो पण जोडलाय, त्यात जिथं जिथं अंक वर आहे तिथं मी लाल पेनाने गोल केलाय. कुठं नऊ वर बसतच नसेल तर १०^९ असं छापा, पण १०९ छापू नका.

आपली,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली